ले मान्सची 24 तासांची शर्यत : गाडीची तयारी आणि झीज, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या शर्यतीत गाडी नेमकी किती पळते?

फ्रान्समधल्या ले मान्स शहराच्या दक्षिणेला सार्त सर्किट आहे. एक फेरी 13.626 किलोमीटरची. शर्यत शनिवारी दुपारी 4 वाजता सुटते आणि रविवारी दुपारी 4 वाजता संपते. 2025 मध्ये जिंकलेल्या फेरारीने 387 फेऱ्या मारल्या, म्हणजे सव्वापाच हजार किलोमीटरहून अधिक. अंतराचा विक्रम 2010 च्या ऑडीच्या नावावर आहे : 397 फेऱ्या, 5,410 किलोमीटर. फॉर्म्युला वनची एक शर्यत 300 किलोमीटरच्या थोडी वर असते. तशा सतराएक शर्यती एकाच गाडीने, एकाच इंजिनावर, एका दिवसात काढायच्या, असा हा हिशोब आहे.

सर्किटचा बराच भाग वर्षभर साध्या रहदारीचा रस्ता असतो. जवळपास 6 किलोमीटरच्या ज्या उनोदिएर सरळीवर हायपरकार (या शर्यतीतल्या सगळ्यात वेगवान वर्गातल्या गाड्या) ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातात, तिथून एरवी ट्रक आणि ट्रॅक्टर जात असतात. 1990 पासून त्या सरळीवर दोन शिकेन, म्हणजे मुद्दाम बनवलेली नागमोडी वळणं, घातली आहेत. गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून ती आली, पण ब्रेकांचं काम त्यांनी वाढवलं.

गाडी टिकवायची, तर जरा सावकाश का नाही चालवत?

एके काळी तसंच चालवायचे. दिवसभर दमाने जायचं, इतरांच्या गाड्या मोडायची वाट बघायची आणि रविवारी सकाळी जोर लावायचा. आता तो काळ राहिला नाही. गाड्या इतक्या भरवशाच्या झाल्या आहेत की पहिल्या तासात जो वेग असतो, जवळपास तोच शेवटच्या तासातही असतो, आणि पहिल्या चार-पाच गाड्या 24 तासांनंतरही एकाच फेरीत असू शकतात.

झीज मात्र संपलेली नाही. टायर झिजतातच, ब्रेक झिजतात, बेअरिंग झिजतात, ड्रायव्हरही दमतो. फरक एवढाच पडला की कुठली वस्तू किती तास पुरेल आणि कुठल्या वेळी बदलायची, हे आता शर्यतीच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. माझ्या मते या शर्यतीचं खरं कौशल्य त्या ठरवण्यात आहे. जी झीज कागदावर मांडलेली आहे तिने सहसा कुणी हरत नाही. हरवतो तो दोन-चार रुपयांचा भाग, ज्याचं नाव यादीत नव्हतं.

तयारी कधी सुरू होते?

मोठ्या कंपन्यांची तयारी महिनोन्‌महिने आधी. त्यातली सगळ्यात कसून परीक्षा म्हणजे 24 नव्हे, तर 30 तास किंवा त्याहून जास्त वेळ सलग गाडी पळवायची. ठरलेल्या वेळेनंतरही गाडीत जीव शिल्लक राहतो का, ते त्यात कळतं. चाचणीत काही मोडलं तर टीम हळहळत नाही. तेच शोधायला तर आलेले असतात. मोडलेला भाग कापून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून तडा कुठून सुरू झाला ते पाहतात आणि नवीन भाग घडवतात.

अनेक टीम अमेरिकेतल्या सेब्रिंगला जातात. ते सर्किट जुन्या लष्करी धावपट्टीवर आहे, काँक्रीटच्या लाद्यांचे सांधे उघडे आहेत आणि दणके असे बसतात की सस्पेंशनचा आणि वेल्डिंगचा कस लागतो. सेब्रिंगचे 12 तास गाडीला ले मान्सच्या 24 तासांपेक्षा जड जातात, असं या क्षेत्रातले लोक नेहमी म्हणतात.

आणि हे आजचं नाही. 1923 च्या पहिल्याच शर्यतीत एका बेंटलीचा हेडलॅम्प दगड लागून फुटला, मग टाकीलाही दगडाने भोक पडलं. इंधन संपून गाडी रस्त्यात थांबली, तेव्हा ड्रायव्हर सायकलवरून पेट्रोल घेऊन गेला. पुढच्या वर्षी बेंटलीवाले परत आले तेव्हा हेडलॅम्पवर तारेची जाळी होती, टाकीभोवती चटईचं आवरण होतं आणि पुढच्या चाकांनाही ब्रेक बसवले होते. 1924 ची शर्यत त्यांनी जिंकली. इंजिनाची ताकद वाढवण्याआधी दगडाचा बंदोबस्त केला, हे मला फार मोलाचं वाटतं.

शर्यतीच्या आठवड्यात मेकॅनिक गाडीवर नेमकं काय करतात?

सरावाच्या फेऱ्या आणि पात्रता फेरी झाली की गाडी जवळजवळ सुटी करतात. शर्यतीसाठी राखून ठेवलेलं इंजिन, गिअरबॉक्स, व्हील बेअरिंग, ड्राइव्हशाफ्ट बसवतात. यातलं काहीही कोरं करकरीत नसतं. नव्या भागात बनावटीचा दोष असेल तर तो पहिल्या काही तासांत उघड होतो, म्हणून प्रत्येक भाग आधी थोडा पळवून, तपासून, मग शर्यतीसाठी बाजूला काढलेला असतो. ब्रेकच्या डिस्क आणि पॅडच्या जोड्याही आधी ट्रॅकवर बसवून घेतलेल्या असतात, कारण मध्यरात्री बदललेल्या ब्रेकने पहिल्याच वळणावर पूर्ण पकड द्यायला हवी.

मग येतो नट-बोल्टचा दिवस. प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट टॉर्क रेंचने कसायचा, आणि कसून झाला की रंगीत पेनने एक सरळ रेघ मारायची, अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी शेजारच्या धातूवर. पुढे कधीही टॉर्चचा झोत टाकला आणि रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला आहे, हे पान्हा न लावता कळतं. जिथे थरथर जास्त आहे तिथे बोल्टच्या डोक्यातून बारीक तार ओवून पिळतात. तारेचा ओढा नेहमी बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने ठेवायचा असतो. उलटा ठेवला तर तार असूनही नसल्यासारखी.

मी जर एखाद्या टीमचा तपासनीस असतो, तर सगळ्यात जास्त वेळ रबरी होज, वायरिंग आणि कनेक्टर यांना दिला असता. होज शेजारच्या पट्टीला घासते आहे का? इंजिन झटका खाऊन हलतं तेव्हा वायर ताणली जाते का? एका जागी उभ्या असलेल्या गाडीत हे दिसत नाही. त्यासाठी घासल्याच्या खुणा शोधाव्या लागतात : काळं पडलेलं कव्हर, चकचकीत झालेला धातूचा कोपरा, जिथे नको तिथे जमलेली बारीक पूड.

इतकी काळजी एका कनेक्टरसाठी?

हो. 2016 ची शर्यत आठवा. टोयोटाची 5 क्रमांकाची गाडी, काझुकी नाकाजिमा चालवत होता, पुढे होती आणि शर्यत संपायला मोजकी मिनिटं उरली होती. अचानक ताकद गेली. रेडिओवर तो सांगत राहिला की पॉवर नाही. गाडी अंतिम रेषेजवळ, पिटच्या (जिथे टीम गाडीची देखभाल करतात) भिंतीसमोर थांबली आणि मागून आलेली पोर्शे जिंकून गेली. नंतर निष्पन्न झालं की टर्बो आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीच्या जोडणीत बिघाड होता. टोयोटाने कशीबशी शेवटची फेरी पूर्ण केली, पण ती नियमात बसणाऱ्या वेळेपेक्षा फार हळू झाली, म्हणून निकालात त्या गाडीला दुसरा क्रमांकही मिळाला नाही.

इंजिन धडधाकट, गिअरबॉक्स धडधाकट, टायर उत्तम. साडेतेवीस तासांहून जास्त काळ निर्दोष पळालेली गाडी हवेच्या एका नळीने उभी केली. नाकाजिमाने 2018 मध्ये टोयोटाला पहिला विजय मिळवून दिला, फर्नांडो अलोन्सो आणि सेबास्तियन बुएमी यांच्यासोबत. त्या दिवशी अनेकांना बरं वाटलं, मलाही.

टायर किती वेळ चालतात? प्रत्येक थांब्यावर बदलत का नाहीत?

हायपरकार साधारण 12 फेऱ्यांनी, म्हणजे चाळीसेक मिनिटांनी इंधनासाठी पिटमध्ये येते. एका टाकीच्या या पल्ल्याला स्टिंट म्हणतात. एकाच टायरवर दोन स्टिंट सर्रास काढतात, परिस्थिती अनुकूल असेल तर तीन किंवा त्याहून जास्तही. इंधन भरून झाल्यावरच टायरला हात लावता येतो, त्यामुळे टायर न बदलता निघालं की तेवढे सेकंद सरळ खिशात. शिवाय टायरच्या सेटची संख्या मर्यादित असते, मनाला येईल तेव्हा नवे घालता येत नाहीत.

दुसरं कारण थंड टायर. पूर्वी टायर गरम पेटीत तापवून मग गाडीला लावायचे. आता ते बंद आहे. नव्या थंड टायरवर पिटमधून बाहेर पडणं म्हणजे पहिले काही किलोमीटर जीव मुठीत धरून जायचं, त्यातही रात्री आणि ओल्या रस्त्यावर. एखादा टीम-इंजिनिअर जुन्या पण गरम टायरला नव्यापेक्षा पसंती देतो, त्यामागे हे गणित असतं.

हायपरकारचे सगळे टायर मिशेलिनचे, तर एलएमपी2 (हायपरकारखालोखाल वेगवान, खास शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्या) आणि एलएमजीटी3 (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या जीटी गाड्या) वर्गांचे गुडइयरचे. हायपरकारला कोरड्या रस्त्यासाठी मऊ, मध्यम आणि कठीण असे प्रकार मिळतात. जूनमधल्या दुपारी तिथला डांबरी रस्ता चांगला तापतो आणि पहाटे गारठा पडतो. म्हणून मऊ रबर रात्रीसाठी राखून ठेवतात. दुपारी तेच लावलं तर पृष्ठभागावर फोड येतात किंवा रबराची सालं निघतात.

उतरवलेला टायर जवळून पाहण्यासारखा असतो. त्याच्यावर बाहेरचं रबर गोळ्यागोळ्यांनी चिकटलेलं असतं, कारण आदर्श रेषेच्या बाहेर इतर गाड्यांनी टाकलेला कचरा तो गोळा करत येतो. टायर-तज्ज्ञ आधी गरम हवेने तो थर मऊ करतो, पट्टीने खरवडतो, मग खाली दिसू लागलेल्या बारीक छिद्रांत खोली मोजायचं यंत्र घालतो. आतल्या कडेला किती रबर उरलं, मध्ये किती, बाहेर किती. आतली कड जास्त गेली असेल तर चाकाचा कल जास्त आहे किंवा हवेचा दाब चुकला आहे. सर्किट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, उजवी वळणं जास्त, म्हणून डाव्या बाजूचे टायर अधिक भार खातात. हे आकडे लगेच त्या इंजिनिअरकडे जातात जो पुढच्या स्टिंटचा निर्णय घेणार असतो.

ब्रेक दाबताना चाक एकदा जरी अडकलं तर टायर एका जागी घासून सपाट होतो. मग चाक फिरेल तितक्या वेळा ती जागा रस्त्यावर आपटते आणि ती थरथर सस्पेंशन, बेअरिंग, वायरिंग, सगळ्यांच्या मुळावर येते. असा टायर अर्ध्या स्टिंटमध्येही बदलावा. तिथे वाचवलेले सेकंद पुढे महागात पडतात.

ब्रेक 24 तास पुरतात का?

वर्गावर अवलंबून आहे. हायपरकार आणि एलएमपी2 मध्ये कार्बनचे ब्रेक असतात आणि नीट सांभाळले तर ते पूर्ण शर्यत काढू शकतात. जीटी गाड्यांना लोखंडी डिस्क असतात. त्या टीम बहुधा शर्यतीच्या मध्यावर कधीतरी पॅड किंवा पॅड-डिस्क दोन्ही बदलतात. त्यासाठी वेळ निवडायची असते. अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार आलेली असताना सगळेच हळू चाललेले असतात, तेव्हा ब्रेक बदलले तर नुकसान कमी.

कार्बनच्या ब्रेकचं वागणं थोडं वेगळं आहे. थंड असताना ते पकडतच नाहीत. फार तापले तर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन अक्षरशः जळून जातो आणि डिस्क भराभर पातळ होते. उनोदिएरच्या सरळीवर डिस्क गार होतात आणि लगेच 300 च्या वेगावरून शिकेनसाठी गाडी आवरायची असते. पहिल्या क्षणी पकड कमी, मग एकदम जास्त. रात्री हवा गार झाली की ब्रेककडे जाणाऱ्या हवेच्या वाटा थोड्या टेपने बंद करतात, सकाळी टेप काढतात. साधा उपाय आहे, पण तो वेळेवर करायला पिटमध्ये कुणाला तरी डोळ्यांत तेल घालून तापमानाचे आकडे बघावे लागतात. हायब्रीड गाड्यांत वेग कमी होताना मोटर ऊर्जा परत घेते, त्यामुळे त्या चाकांच्या ब्रेकवरचा ताण उतरतो. ती व्यवस्था मध्येच बंद पडली, तर सगळा भार अचानक ब्रेकवर येतो, ही दुसरी बाजू.

डिस्क ब्रेकची थोरवी याच शर्यतीने जगाला दाखवली. 1953 मध्ये जॅग्वार सी-टाइप डिस्क ब्रेक लावून आली आणि जिंकली. त्या वर्षी विजेत्याचा सरासरी वेग प्रथमच ताशी 160 किलोमीटरच्या पुढे गेला.

इंजिन आणि गिअरबॉक्सचं काय?

इंजिनाच्या बाबतीत शर्यतीत करण्यासारखं फार थोडं उरतं. तेल आणि पाण्याचं तापमान पाहायचं, रेडिएटरच्या तोंडाशी गवत, रबर आणि कागद अडकला असेल तर काढायचा. आतून काही बिघडलं तर खेळ संपला. 2010 मध्ये प्यूजोच्या गाड्या वेगात ऑडीच्या पुढे होत्या, पण बहुतेकींना इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडने दगा दिला आणि एकही शेवटपर्यंत पोचली नाही. पहिले तिन्ही क्रमांक ऑडीने घेतले.

गिअरबॉक्सचा वेगळा विचार ऑडीनेच करून दाखवला. 2000 च्या आर8 गाडीचा मागचा सगळा भाग, गिअरबॉक्स आणि सस्पेंशनसकट, एका तुकड्यात निघायचा आणि दुसरा तयार तुकडा बसायचा, काही मिनिटांत. इतर टीम गिअर बदलायला तास घालवत असताना हे लोक अख्खी मागची बाजू बदलून परत ट्रॅकवर. गिअर मोडणारच नाहीत असं समजून गाडी बनवण्यापेक्षा मोडले तर किती वेळ जाईल याचा विचार आधी केला.

क्लच तर पिटमधून निघतानाच लागतो. तो कशाला खराब होईल?

2017 मध्ये टोयोटाचा कामुई कोबायाशी आघाडीवर होता. पात्रता फेरीत त्याने 3 मिनिटं 14.791 सेकंदांची अफाट फेरी मारली होती. रात्री सेफ्टी कार असताना तो पिटच्या तोंडाशी लाल दिव्यावर थांबला. नारिंगी कपड्यातल्या एका माणसाने त्याला हाताने खूण केली. तो मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचा अधिकारी, नव्हता, दुसऱ्या टीमचा ड्रायव्हर होता, शुभेच्छा द्यायला आलेला. कोबायाशीने निघायची खूण समजून गाडी हलवली, टीमने रेडिओवर थांबवलं, मग पुन्हा हलवली. ती गाडी जागेवरून विजेच्या मोटरवर निघण्यासाठी बनवलेली. इंजिनाच्या जोरावर वारंवार निघणं त्या क्लचच्या कुवतीबाहेरचं. क्लच जळाला आणि गाडी रस्त्यातच राहिली.

छोट्या टीमसाठी याचा अर्थ सरळ आहे : पिटमधून निघण्याचा सराव ड्रायव्हरकडून भरपूर करून घ्या, आणि न ठरलेल्या थांब्यांचाही.

ड्रायव्हर झीज किती कमी करू शकतो?

बरीच. एका गाडीला तीन ड्रायव्हर असतात. कुणालाही सहा तासांच्या कुठल्याही कालावधीत चारपेक्षा जास्त आणि एकूण 14 तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. तिघांच्या सवयी सारख्या नसतील तर गाडीचे हाल होतात. कडेच्या उंच कर्बवर चढून गेलं की फेरीमागे दशांश सेकंद मिळतो, पण तो दणका शेकडो वेळा सस्पेंशनच्या सांध्यांना आणि तळाच्या फळीला बसतो. त्यामुळे कुठला कर्ब घ्यायचा आणि कुठला नाही, हे टीम आधीच सांगते. ब्रेक दाबायच्या थोडं आधी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून गाडी नुसती घरंगळू दिली तर इंधनही वाचतं आणि डिस्कचा तापही.

साठाहून अधिक गाड्या, तीन वर्ग, प्रत्येकाचा वेग वेगळा. हायपरकारला एका रात्रीत शेकडो वेळा हळू गाड्यांना ओलांडावं लागतं. तिथे घाई केली तर पुढचा पंख गेला म्हणून समजा. संयम हा भाग कुठल्याही दुकानात मिळत नाही, म्हणून टीम-मालक जुन्या, मुरलेल्या ड्रायव्हरना पैसे मोजतात.

काही बिघडलं तर लगेच थांबायचं की तसंच रेटायचं?

बिघाड पसरणारा आहे की जागच्या जागी राहणारा, हे पाहा. तेल गळतंय, चाक डुगडुगतंय, टायरची हवा उतरतेय : लगेच आत. आरसा लटकतोय, पट्टी सैल झालीय : पुढच्या ठरलेल्या थांब्यापर्यंत चालेल, अधिकाऱ्यांनी झेंडा दाखवला नाही तर. 2024 मध्ये आघाडीवरच्या 50 क्रमांकाच्या फेरारीचं दार शेवटच्या टप्प्यात उघडं राहिलं. ते बंद करायला तिला आत यावं लागलं, आणि तो जास्तीचा थांबा धरून उरलेल्या ऊर्जेचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागलं. रेषा ओलांडली तेव्हा तिच्याकडे फक्त 2 टक्के ऊर्जा शिल्लक होती. जिंकली ती.

आणि फार वेळ गेला म्हणून दुकान बंद करू नका. 2017 मध्ये पोर्शेची 2 क्रमांकाची गाडी शर्यतीच्या सुरुवातीच्या तासांतच आत आली. पुढच्या ॲक्सलची विजेची मोटर बदलायला तासाहून जास्त वेळ लागला. बाहेर पडली तेव्हा आघाडीपेक्षा 18 फेऱ्या मागे होती. पुढे एकेक करून टोयोटा बाद झाल्या, पोर्शेची दुसरी गाडीही थांबली आणि ही जिंकली. त्या मेकॅनिकांनी तो तास आता काय उपयोग म्हणून ढिलाईने काढला असता, तर जिंकायला गाडीच नसती.

भारतीय कुणी या शर्यतीत उतरलं आहे का?

2012 मध्ये करुण चंडोक ही शर्यत पळणारा पहिला भारतीय ठरला. डेव्हिड ब्रॅबम आणि पीटर डम्ब्रेक त्याचे जोडीदार होते आणि गाडी एकूण सहावी आली. 2009 मध्ये नारायण कार्तिकेयनला संधी होती, पण शर्यतीच्या तोंडावर खांदा निखळल्यामुळे त्याला गाडीत बसता आलं नाही. 2019 मध्ये अर्जुन मैनी उतरला.

आम्ही पुण्यातल्या कॉलेजची टीम आहोत, बाहा एसएई इंडिया या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला बग्गी नेतो. आमच्यासाठी यातलं काय लागू पडतं?

जवळजवळ सगळंच. तुमची एन्ड्युरन्स (गाडीचा टिकाव पाहणारी) शर्यत 4 तासांची, रस्ता खडकाळ आणि इंजिन सगळ्यांना सारखंच. त्यामुळे निकाल ताकदीपेक्षा टिकण्यावर ठरतो. बग्गी निदान काही आठवडे आधी पूर्ण करा आणि 4 नव्हे, 6 तास सलग पळवा, मोडेपर्यंत. मोडलेला भाग फेकू नका. तारीख आणि किती तासांनी मोडला ते लिहून एका पेटीत ठेवा, पुढच्या बॅचच्या मुलांना ती पेटी कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त शिकवेल.

बोल्टवर रेघा मारा, रंग महाग नाही. टाय रॉडचे शेवट, सीव्ही जॉइंटचे रबरी बूट आणि ब्रेकची नळी रोज हाताने चाचपून पाहा. चाकाचा आर्म, हब आणि अपराइट जोडून तयार असा एक अख्खा कोपरा सोबत न्या, सुटे भाग नव्हेत. आणि तो बदलण्याचा सराव अंधारात, टॉर्चच्या उजेडात, घड्याळ लावून करा. कुणाच्या हातात कुठला पान्हा असेल ते आधी ठरवा. दोघं एकाच बोल्टकडे धावले की तिसरा मोकळा राहतो, हे पहिल्या सरावातच दिसेल.